मार्लेनच्या खानावळीतले दोनशे बारा रहिवासी

ओल्मान कास्कान्ते शिकवायला उभे राहिले की आधी दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घालायचे. ऐट म्हणून नव्हे. विद्यापीठाने उद्योगांतून बोलावलेल्या मार्गदर्शकांना नियमांचा एक कागद दिला होता आणि त्यात चौथ्या ओळीत होतं, की मार्गदर्शकाने विद्यार्थ्यांच्या कीबोर्डला हात लावू नये. बँकांतून आणि मोठाल्या परदेशी कंपन्यांतून आलेल्या बाकीच्या मार्गदर्शकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि दहाव्या मिनिटाला पोरांना बाजूला सारून स्वतःच टाइप करायला बसले. ओल्मानना स्वतःचा तेवढा भरवसा नव्हता. म्हणून खिसे.

वय चौसष्ट. त्यातली तीस वर्षं कार्तागोच्या गल्ल्यांतून मोटारसायकलवर औषधांचे डबे पोचवण्यात गेली. मग गुडघा बोलायला लागला. बावन्नाव्या वर्षी त्यांनी शनिवारच्या संगणक वर्गात नाव घातलं, तिथे ते सगळ्यांत म्हातारे, मास्तरांपेक्षाही. आता ते त्याच औषध कंपनीच्या डेटा विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे तीन माणसं आणि एक पंखा, आणि कार्तागोच्या गारठ्यात तो पंखा आजवर कोणी लावलेला नव्हता.

दर गुरुवारी दुपारी ते दोन बस बदलून एरेदियाच्या विद्यापीठात यायचे. त्यांच्या वाट्याला दोन विद्यार्थी. ग्रेतेल उमान्या तुरियाल्बाकडची, कमी बोलणारी, प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत पापणी न हलवणारी. आणि योस्तिन सोलीस, जो पापणी, हात, पाय, जीभ सगळंच हलवायचा आणि समोर कोणीही असो, 'माए', म्हणजे 'यार', म्हणायचा.

त्यांचा प्रकल्प असा, की यंत्राला कार्तागोचे पत्ते वाचायला शिकवायचं. घराला नंबर असता तर शिकवायचं काही कारणच नव्हतं. पण पत्ता यायचा तो असा : 'उंबर होता तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचाहत्तर पश्चिमेला, हिरवं फाटक, उजव्या हाताला.' उंबर पडून चाळीस वर्षं झालेली. तो बघितलेली माणसंही आता थोडीच उरलेली. तरी सगळं गाव त्या नसलेल्या झाडापासून अंतर मोजायचं आणि पोचायचंही. यंत्राला नसलेलं झाड दिसावं म्हणून मुलांनी कंपनीचा तेरा वर्षांचा डेटा त्याच्यापुढे ओतला होता. प्रत्येक डब्याचा लिहिलेला पत्ता, आणि चालकाने फोनवर 'पोचलं' हे बटण दाबलं ती नकाशावरची जागा. कंपनीकडून तो डेटा ओल्माननीच आणून दिला होता.

त्या गुरुवारी योस्तिन दारातच आडवा आला.

"प्रोफे, आधी बसा. उभ्याने ऐकाल तर पडाल. शंभरातले शहाण्णव!"

"शहाण्णव काय?"

"पत्ते! माए, शंभर पत्ते दिले तर शहाण्णव बरोबर सांगतंय. माझी आई माझं वय एवढ्या खात्रीने सांगत नाही."

ओल्मान हसले. पडद्यावर कार्तागोचा नकाशा होता आणि त्यावर घरांचे बारीक लाल ठिपके. कुठे विरळ, कुठे दाट. लास ब्रिसास वस्तीच्या चौकात मात्र ठिपके एकावर एक साचून चक्क डाग झाला होता.

ग्रेतेलने त्या डागावर पेन्सिल टेकवली. "प्रोफे, इथे तीस मीटरच्या आत दोनशे बारा माणसं राहतात. इथे मोठी इमारत आहे का?"

ओल्मानना तो चौक डोळे मिटूनही दिसला असता. तिथे इमारत नव्हती. तिथे डोन्या मार्लेनची सहा टेबलांची खानावळ होती, दाराशी जिरेनियमची कुंडी, आत कापडी गाळणीतून गळणारी कॉफी. आणि ओल्मानना हेही ठाऊक होतं की तिथे दोनशे बारा माणसं का राहतात.

फोन पहिल्यांदा आले त्या वर्षीची गोष्ट. कार्तागोत भुरभुर पाऊस सकाळभर थांबत नाही. दर दाराशी हातमोजा काढा, फोन काढा, ओलं बोट लावा, तो ऐकणार नाही, पुन्हा पुसा, पुन्हा लावा. दोन फोन तर पाण्याने मेलेच. तेव्हा ओल्माननीच युक्ती काढली. डबे आधी पोचवा. बटणं नऊच्या कॉफीला मार्लेनकडे दाबा, सगळी एकदम, कोरड्या बोटांनी. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या चालकाला त्यांनी हे शिकवलं. एकूण अठरा जणांना. डबे खरोखरच पोचत होते, त्यामुळे त्यात काही खोटं आहे असं कोणाला वाटलं नाही. ओल्मानना तर नाहीच, उलट थोडा अभिमानच होता. त्यांनी त्या लाल डागावरून नजर काढली.

"असेल," ते म्हणाले.

"असेल म्हणजे, आहे?"

"असेल."

ग्रेतेलची पापणी हलली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. योस्तिन मात्र शहाण्णवच्या आनंदात खुर्चीसकट गोल फिरत होता.

सोमवारी कंपनीत फलक लागला. कामकाजाचे नवे प्रमुख इंजिनियर रान्दाल ब्रिसुएला यांनी सगळ्यांना गोळा केलं. माणूस वाईट नव्हता. फक्त इस्त्री जास्त. विमा कंपनीने डबे दारापर्यंत जातात याचा पुरावा मागितला होता. दारापासून लांब बटण दाबलेलं सापडलं तर त्या चालकाची नोकरी त्याच दिवशी संपेल, आणि कोणी तसं शिकवलं असेल तर त्याचीही. चालकांनी माना डोलावल्या आणि नऊच्या कॉफीला निघून गेले. त्यांच्या दृष्टीने फलक म्हणजे भिंतीचा भाग.

ओल्मान मात्र फलकापुढे उभेच राहिले. त्यांना पेन्शनला अकरा महिने बाकी होते. तरुणपणी पहिल्या मालकाने पेन्शनच्या खात्यात त्यांची नोंदच केली नव्हती, त्यामुळे हे अकरा महिने एका दिवसानेही कमी पडून चालणार नव्हते. आणि चालक? विल्बर्थची बायको सातव्या महिन्यात. हेर्नानचं घर अर्धं बांधून झालेलं, छप्पर यायचं राहिलेलं.

"डॉन ओल्मान," ब्रिसुएला मागून म्हणाले, "तुमच्या विद्यार्थ्यांचं काम मला फार आवडलं. विद्यापीठाला कळवलंय मी. या शुक्रवारी परीक्षकांपुढे खरा डबा पाठवून बघू. मीही येतोय."

"खरा डबा?"

"खोट्या डब्याने काय सिद्ध होणार?"

ओल्मान पुन्हा फलकाकडे वळले.

मंगळवारी ते मार्लेनकडे गेले तर तिने न विचारताच गुळाचं कढत पाणी पुढ्यात ठेवलं. कोणी आजारी दिसलं की ती कॉफी देत नसे.

"तुमची ती मुलगी येऊन गेली हो शनिवारी," ती म्हणाली. कार्तागोत माणसं कुत्र्यालाही अहो-जाहो करतात, बाईला मानाने डोन्या आणि पुरुषाला डॉन म्हणतात, मग ओल्मान तर तिचे चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक. "काय गोड मुलगी! दोन तास बसली. गायो पिंतोचा राजमा-भात खाल्ला, अंडं नको म्हणाली. पोरं फोनची बटणं दाबत होती ना, तर ती वहीत रेघा मारत होती. एकेका बटणाची एकेक रेघ."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"सगळं!" मार्लेन अभिमानाने म्हणाली. "म्हटलं, ही युक्ती कोणाची ठाऊक आहे का? आमच्या डॉन ओल्मानची. भलताच डोकेबाज माणूस. फोन मरायचे थांबले यांच्यामुळे. काय झालं? जास्त कढत आहे का?"

ओल्माननी कप खाली ठेवला. चूक त्यांचीच होती. पहिल्याच तासाला खिशात हात घालून त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की ठिपका कळला नाही तर तिथे जाऊन उभं राहा. इतकी वर्षं कोणी जाऊन उभं राहिलं नव्हतं. ही तुरियाल्बाहून दोन बस करून आली आणि उभी राहिली. वर अंडंही नको म्हणाली.

गुरुवारी योस्तिन सादरीकरणासाठी सदरा उसना आणायला गेला होता. खोलीत ग्रेतेल एकटीच होती. पडदा बंद.

"बसा प्रोफे."

ते शब्द तिच्या तोंडून ऐकताना ओल्मानना वाटलं, आपण परीक्षेला आलोय.

"मी तिथे गेले होते."

"कळलं मला."

"तिथे इमारत नाही."

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं."

ओल्माननी खिडकीकडे पाहिलं. बाहेर मुलं फुटबॉल खेळत होती, कोणीतरी कोणाला तरी आंधळा म्हणत होतं.

"आपले शहाण्णव खोटे आहेत," ग्रेतेल म्हणाली. "यंत्राला आपण सांगितलं लोक खानावळीत राहतात. मग त्यालाच विचारलं लोक कुठे राहतात. ते म्हणालं खानावळीत. आपण म्हटलं, शाब्बास."

"फलक वाचलात का तुम्ही? आमच्याकडचा?"

"योस्तिनने फोटो दाखवला. त्याचा मामेभाऊ तुमच्याकडे आहे."

"अठरा जण आहेत, ग्रेतेल. एकाची बायको..." ते थांबले. स्वतःचे अकरा महिने त्यांनी मुद्दामच सांगितले नाहीत, आणि न सांगितल्यामुळे ते जास्तच खोलीत येऊन बसले.

ग्रेतेलने वही मिटली. "उद्या मी कोणाचं नाव घेणार नाही. योस्तिनलाही काही सांगितलेलं नाही, त्याच्या पोटात राहत नाही. यंत्र चुकलं तर चुकलं, आम्ही नापास होऊ. पण मला कोणी सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तेवढं तुम्हाला आधी सांगायचं होतं."

"आणि कोणी विचारलंच नाही तर?"

"मग तुमचं तुम्ही बघा, प्रोफे. मी कीबोर्डला हात लावणार नाही."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता खोली भरली. तीन परीक्षक, मागे विद्यार्थी, पुढे इस्त्रीतले ब्रिसुएला. त्यांनी हेल्मेटमध्ये त्या दिवशीच्या डब्यांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. नियम सरळ होता. यंत्र ठिपका टाकेल, चालक फक्त ठिपका बघून जाईल, कोणाला फोन करणार नाही. त्याने 'पोचलं' दाबलं ती जागा ठिपक्यापासून तीस मीटरच्या आत असली तर यंत्र उत्तीर्ण.

ब्रिसुएलांनी चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली. "डॉन एवेलिओ मोन्तोया, वय एक्याऐंशी. इन्सुलिन. लास ब्रिसास. उंबर होता तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचाहत्तर पश्चिमेला, हिरवं फाटक."

ओल्मानचे हात खिशात होते. तिथेच त्यांच्या मुठी झाल्या.

योस्तिनने उसन्या सदऱ्याच्या बाह्या सावरत पत्ता टाइप केला. ठिपका नकाशावर तरंगला आणि चौकात जाऊन बसला. मार्लेनची खानावळ. डॉन एवेलिओंचं घर तिथून तीन गल्ल्या वर, चढावर. ओल्माननी त्या फाटकाशी किती डबे दिले असतील याला गणती नव्हती. फाटक हिरवं होतं तेव्हापासून देत होते. आता ते निळं होतं, पण पत्त्यात हिरवंच.

चालकाचा निळा ठिपका निघाला. "कोण आहे?" एका परीक्षकबाईंनी विचारलं.

"विल्बर्थ. नवा आहे, पण चलाख," ब्रिसुएला म्हणाले.

त्याला सगळ्यांत शेवटी शिकवलं होतं. मार्च महिन्यात. मार्लेनच्याच टेबलावर.

निळा ठिपका बाजारावरून वळला, सिग्नलला थांबला, पुढे सरकला. ओल्मान मनात हिशेब मांडत होते. विल्बर्थ चौकात पोचेल, बघेल की इथे घर नाही. बटण दाबणार नाही. यंत्र नापास, मुलं नापास, पण प्रकरण तिथेच संपेल. चुकीचा डेटा, अज्ञात कारण. मुलं पुढच्या सत्रात पुन्हा करतील. तरुण आहेत. डबा कोणीतरी नेऊन देईल. फक्त त्याने दाबू नये. विल्बर्थ, दाबू नका.

निळा ठिपका लाल ठिपक्यावर जाऊन थांबला.

एक मिनिट. दोन. योस्तिन नखं खात होता. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ओल्मानना एकाएकी कळलं की आता काय होणार. नऊ वीस म्हणजे कॉफी कपात पडून दोन घोट पोटात गेलेले. बोटं कोरडी झालेली.

पडदा हिरवा झाला. पोचलं.

"चार मीटर!" योस्तिन ओरडला. "माए, चार मीटर!" मागची पोरं टेबलं बडवायला लागली. परीक्षकबाई हसत टाळ्या वाजवत होत्या. ब्रिसुएला उठून ओल्मानचा हात हातात घ्यायला आले, तर हात खिशात.

सगळे वाचले होते. विल्बर्थ, हेर्नानचं छप्पर, अकरा महिने, मुलांचे गुण. काहीही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं, आणि ओल्मानना त्याचीच तर सवय होती. त्यांनी ग्रेतेलकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती त्यांच्या खिशांकडे बघत होती.

ओल्माननी हात बाहेर काढले.

"इंजिनियर, एक फोन करा."

"कोणाला?"

"डॉन एवेलिओंना. चिठ्ठीवर नंबर आहे. सगळ्यांना ऐकू येईल असा करा."

टाळ्या विरळ झाल्या. ब्रिसुएलांनी गोंधळून नंबर लावला. चौथ्या घंटीला खरखरीत आवाज आला.

"कोण?"

"औषधाच्या कंपनीतून बोलतोय. तुमचा डबा मिळाला ना?"

"कुठला डबा? सकाळपासून फाटकाशी बसलोय मी, पाय गारठले. तुम्ही कोण बोलताय? ओल्मान आहेत का तिथे? त्यांना द्या. तुमचं काही खरं दिसत नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. ओल्मान तेवढ्यात स्वतःच्या फोनवर मार्लेनला लावत होते. "डोन्या मार्लेन, विल्बर्थना उठवा. डबा वर एवेलिओंकडे. आत्ता."

"अहो, पिंतो अर्धा आहे त्यांचा. संपला की जाणारच आहेत वर."

"उठवा म्हणतो ना!"

चाळीस वर्षांत ते मार्लेनवर पहिल्यांदा ओरडले होते. मग त्यांनी फोन ठेवला आणि परीक्षकांकडे तोंड करून, पावसापासून सुरुवात करून, ओल्या बोटांचं, मेलेल्या दोन फोनांचं, नऊच्या कॉफीचं सगळं सांगितलं. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते बाजूला लोंबत राहिले.

"दोनशे बारा माणसं तिथे राहत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "ती तिथे नाश्त्याच्या वेळी नकाशावर मांडली जातात. मुलांचं यंत्र हुशार आहे. त्याला खोटं मी शिकवलं. ग्रेतेलनी विचारलं तेव्हाही मी खोटंच बोललो."

ब्रिसुएलांचा चेहरा लाल झाला होता. "किती वर्षं?"

"तेरा."

"किती जण?"

"दाबणारे अठरा. शिकवणारा एकच."

"मी फलक लावला होता, डॉन ओल्मान."

"वाचला मी. बराच वेळ वाचला."

नऊ एकोणचाळीसला मार्लेनचा फोन आला की डबा पोचला, एवेलिओंनी विल्बर्थला चार शब्द सुनावले आणि कॉफीसुद्धा विचारली नाही.

परीक्षकांनी दार लावून तासभर खल केला. मुलांना उत्तीर्ण केलं नाही, नापासही नाही. खऱ्या डेटावर काम पुन्हा करा, चार महिने घ्या, असं सांगितलं. योस्तिनने उसना सदरा आणखी चार महिने परत करायचा नाही असं त्याच दिवशी ठरवलं. पण ग्रेतेलशी तो दोन दिवस बोलला नाही, कारण तिने त्याच्यापासून लपवलं होतं, आणि त्याच्या पोटात राहत नाही हे कारण त्याला मान्य नव्हतं.

ब्रिसुएलांनी चालकांना लेखी ताकीद दिली. नोकरी कोणाची घेतली नाही. पण ओल्मानचं प्रमुखपद काढलं, पंख्यासकट. अकरा महिन्यांचं काय, असं ओल्माननी विचारलं नाही. ते ब्रिसुएलांनीच सांगितलं, कागदांवरून मान वर न करता. "खरा डेटा कोणीतरी गोळा करायला हवा. प्रत्येक दाराशी, प्रत्येक डब्याला. तुम्ही बिघडवलात, तुम्हीच करा. एक जरी बटण खानावळीत दाबलेलं दिसलं तर उरलेले महिने विसरा."

त्यामुळे सध्या रोज सकाळी लास ब्रिसासच्या चढावर एक मोटारसायकल धापा टाकत जाते. पुढे विल्बर्थ, मागे ओल्मान, फोन मटण गोठवायच्या पिशवीत गुंडाळलेला. दर दाराशी ते दुखरा गुडघा हाताने धरून उतरतात, हातमोजा काढतात, पिशवीवरून बोट दाबतात. फोन ऐकत नाही. पुन्हा दाबतात. नऊच्या कॉफीला ते दहा वाजता पोचतात, आणि टेबलावर फोन उलटा ठेवतात, विल्बर्थचासुद्धा. मार्लेन अजून रागावलेली आहे. कॉफी देते, पण बशीशिवाय.

परवा नदीकाठच्या वस्तीत डबा देऊन झाल्यावर फोन थरथरला. योस्तिनचा निरोप होता. 'प्रोफे, तुमचा ठिपका नदीत पडलाय. कोरड्या बोटांचा कंटाळा आला म्हणून पोहायला लागलात?'

खाली ग्रेतेलची ओळ : 'हा काढून टाकू की ठेवू?'

ओल्माननी खाली पाहिलं. ते लाकडी साकवाच्या बरोबर मधोमध उभे होते, पायांखाली गढूळ पाणी. समोरून एक म्हातारी डबा छातीशी धरून परत चालली होती आणि पलीकडच्या काठावर तिचा कुत्रा दात दाखवून गुरगुरत होता. त्यांनी दोन्ही हातांनी, एकेक अक्षर दाबत लिहिलं :

'ठेवा. बाई इथेच येऊन घेतात. कुत्रा चावतो. विश्वास नसेल तर येऊन उभे राहा.'